जमत नाही, ते कोणाला?

एखादे मूल इतर मुलांबरोबर शिकू शकत नाही, असे शाळेत, घरात आणि नातेवाइकांत आपण किती सहजपणे म्हणून जातो! वाक्य साधे आहे आणि बहुधा सहानुभूतीनेच उच्चारलेले असते. परंतु त्यातील ‘शकत नाही’ हे शब्द नक्की कोणाला लागू पडतात, मुलाला की त्याला शिकविणाऱ्या शाळेला? आयुष्याची बरीच वर्षे फळ्यापुढे घालविल्यावर हा प्रश्न आम्हांस अधिकाधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे, आणि आज तोच वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नाही. ज्या घरात असे मूल आहे त्या घराचा तर तो आहेच. पण ज्या घरात नाही त्याचाही आहे, कारण त्या घरची मुले अशा मुलाच्या शेजारच्या बाकावर बसतात, किंवा बसत नाहीत.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. आमच्या पिढीच्या तोंडी ‘अपंग’ हा शब्द आहे. भारतात आता सरकारी कागदांवर ‘दिव्यांग’ लिहितात, आणि येथे इस्राएलात ‘मुगबालूत असलेली व्यक्ती’ असे म्हणण्याची रीत आहे. आम्ही ओळखीचा म्हणून जुनाच शब्द वापरीत आहोत. त्यात कोणाला कमी लेखण्याचा हेतू नाही.

आमचे अध्यापनाचे शिक्षण मुंबईत झाले. त्या काळी मानसशास्त्राच्या तासाला बुद्धिमापनाचा एक धडा असे. बुद्धिगुणांक अमुक असला तर मूल हुशार, अमुक असला तर सर्वसाधारण, त्याखाली मंद, आणि त्याच्याही खाली आणखी पायऱ्या. हा तक्ता आम्ही सर्वांनी पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि त्यावर गुण मिळविले. ह्या कसोटीचा जनक फ्रान्समधील आल्फ्रेड बिने. त्याने सिमोन ह्या सहकाऱ्याबरोबर १९०५ साली ती तयार केली. आपल्या मुंबई इलाख्यात डॉ. कामत ह्यांनी १९३० च्या दशकात तीच कसोटी मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बसविली, आणि बिने-कामत कसोटी ह्या नावाने ती पुढे अनेक वर्षे वापरात राहिली.

बिनेने ती कसोटी कशासाठी केली होती, ही गोष्ट मात्र त्या धड्यात नव्हती. पॅरिसच्या शाळांत मागे पडणारी मुले हुडकून काढावीत व त्यांना अधिक मदत द्यावी, एवढाच त्याचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली व कधी न बदलणारी राशी आहे, असे मानणाऱ्यांना त्याने १९०९ साली स्पष्ट विरोध केला होता. पण कसोटी जगभर गेली आणि तिच्यामागील हेतू मागेच राहिला. मदत देण्यासाठी केलेले मोजमाप मुलांना बाजूला काढण्याचे साधन बनले. मुलाला कोणत्या पायरीवर बसवायचे ते आम्हां शिक्षकांना कळू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला काय शिकवायचे ते कोणी सांगितले नाही. अशा मुलांची खास शाळेत सोय करावी, एवढ्यावर प्रकरण संपत असे.

खास शाळांना आम्ही मुळीच कमी लेखीत नाही. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली. अंधांसाठी व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ साली सुरू झाली. मतिमंद मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ साली आणि पुण्यात सिंधुताई जोशी ह्यांची कामायनी १९६४ साली उभी राहिली. ज्या मुलांना कोणीही दार उघडीत नव्हते त्यांना ह्या संस्थांनी आत घेतले, आणि ते काम करणाऱ्यांपुढे आमचे मस्तक आजही नम्र होते. पण त्याचा दुसरा परिणामही झाला. मूकबधिरांची शाळा माझगावची, आणि आपल्या समाजाची सर एली कदूरी शाळाही माझगावचीच. एका वस्तीत दोन्ही शाळांची मुले लहानाची मोठी झाली; तरी बहिऱ्या मुलाशी बोलावे कसे, हे आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या किती जणांना आले? मुले वेगळी ठेवली की फक्त तीच काहीतरी गमावतात असे नाही. इतरांचेही शिक्षण अपुरे राहते, आणि पुढे हीच इतर मुले शिक्षक, डॉक्टर, कारकून व नगरसेवक होतात.

मग इस्राएलला आल्यावर आपण स्वतःच त्या तक्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभे आहोत असे आढळून आले. आमच्या वयाच्या वाचकांना ‘तेउने तिपुआख’ हे शब्द आठवत असतील. जोपासनेची गरज असलेली मुले, असा त्याचा अर्थ. शिक्षकांच्या खोलीत तो त्या काळी सर्रास ऐकू येई. १९७० च्या दशकात शिक्षण खात्याने ह्या गरजेचे जे मोजमाप ठरविले, त्यात वडिलांचे शिक्षण किती आणि कुटुंब किती मोठे, ह्यांबरोबर वडील कोणत्या देशातून आले हेही धरलेले होते. उद्देश चांगला होता. अशा मुलांच्या शाळांना अधिक तास, अधिक पैसा मिळावा असा होता. पण मुलाने पाटी हातात घेण्यापूर्वीच त्याच्याविषयी एक समजूत वर्गात येऊन बसत असे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची परीक्षा हिब्रूत होई. उत्तर चुकले ते भाषा न आल्यामुळे की समज नसल्यामुळे, हे त्या कागदावर दिसत नसे. आपल्या मुलांचे ‘शकत नाही’ हे त्यांचे नव्हते, हे आज आपण छातीठोकपणे सांगतो. तीच मुले पुढे परिचारिका, इंजिनिअर, लष्करी अधिकारी आणि शिक्षक झाली.

ह्याच भूमीत एका माणसाने हे ओळखले होते. प्राध्यापक रूवेन फॉयरस्टाईन ह्यांचा जन्म १९२१ साली रुमानियात झाला. येथे आल्यावर त्यांनी प्रथम महायुद्धातील संहारातून वाचलेल्या मुलांबरोबर काम केले, आणि पुढे १९५० च्या दशकात मोरोक्कोहून यावयाच्या मुलांची तपासणी केली. नेहमीच्या कसोट्यांवर ह्यांतील कित्येक मुले मंदबुद्धी ठरत होती. फॉयरस्टाईन ह्यांनी कसोटीची रीतच बदलली. प्रथम मुलाला प्रश्न द्यावा, मग शेजारी बसून तो कसा सोडवावा हे शिकवावे आणि पुन्हा प्रश्न द्यावा. मुलाला आज काय येते ह्यापेक्षा शिकविल्यावर त्याच्यात किती फरक पडतो, हे त्यांनी पाहिले. पुढे त्यांनी हीच रीत डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठीही वापरली. १९९२ साली त्यांना इस्राएल पारितोषिक मिळाले. २०१४ साली ते निवर्तले. त्यांच्या सर्वच दाव्यांवर विद्वानांचे एकमत नाही. पण त्यांच्या रीतीतील एक गोष्ट कोणत्याही शिक्षकाला पटण्यासारखी आहे. तपासणीच्या टेबलाशी दोन माणसे बसलेली असतात, आणि मुलाला उत्तर आले नाही तर त्याचा जाब दोघांनाही द्यावा लागतो.

आता अपंगत्वाविषयीच्या संशोधनाकडे वळू. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ह्या संशोधनात मोठी उलथापालथ झाली, आणि ती मुख्यतः अपंग माणसांनीच घडवून आणली. त्यांपैकी एक ब्रिटनचे मायकेल ऑलिव्हर. ते स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून विद्यापीठात शिकवीत. १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारने अपंगांची एक मोठी पाहणी केली होती. घरोघरी जाऊन प्रश्न विचारले गेले. तुमच्या शरीरातील कोणत्या दोषामुळे तुम्हांला वस्तू धरता येत नाहीत, प्रकृतीच्या कारणाने तुम्हांला खास शाळेत जावे लागले काय, अशा धर्तीचे ते प्रश्न होते. ऑलिव्हर ह्यांनी १९९० साली आपल्या पुस्तकात तेच प्रश्न उलटे करून दाखविले. बरण्या व डबे बनविण्यातील कोणत्या दोषामुळे तुम्हांला ते उघडता येत नाहीत? तुमच्यासारख्यांना खास शाळेत धाडावे ह्या अधिकाऱ्यांच्या धोरणामुळे तुम्हांला तेथे जावे लागले काय?

वाचकहो, ह्यात शब्दांची गंमत नाही. पहिल्या तऱ्हेचे प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर देणारा माणूस खाली मान घालतो; दोष आपल्यातच आहे हे तो स्वतःच्या तोंडाने सांगून बसलेला असतो. दुसऱ्या तऱ्हेच्या प्रश्नांनंतर कारागिराला, अधिकाऱ्याला व शिक्षकाला काहीतरी करण्याजोगे सापडते. प्रश्न कोणाकडे वळविला आहे, ह्यावर पुढे कोण हातपाय हलविणार हे ठरते.

ह्याचा पुरावा पाहावयास फार दूर जावयास नको. बेर शेवाजवळ नेगेवमध्ये अल-सय्यद ह्या बेदुइन जमातीचे गाव आहे. तेथे पिढीजात कारणाने बहिरेपणाचे प्रमाण फार मोठे आहे. २००५ साली हैफा विद्यापीठाच्या वेंडी सँडलर, त्यांच्या सहकारी इरित मेईर व अमेरिकेतील इतर भाषातज्ज्ञांनी ह्या गावावर लेख प्रसिद्ध केला, तेव्हा सुमारे साडेतीन हजारांच्या वस्तीत दीडशेच्या आसपास माणसे बहिरी होती. तेथे कोणीही न शिकविता एक खूणभाषा आपोआप निर्माण झाली, आणि ती केवळ बहिऱ्यांची राहिली नाही. ऐकू येणारे शेजारी, भावंडे, जावा आणि दीरही ती बोलतात. त्यामुळे बहिऱ्यांची लग्ने ऐकणाऱ्यांशी होतात, ते कामधंदा करतात, गप्पांत भाग घेतात. बहिरेपणा तेथेही आहे. कानाला ऐकू येत नाही ते नाहीच. पण एकटे पडणे ही त्यापुढची गोष्ट आहे, आणि ती शेजाऱ्यांनी भाषा शिकल्यामुळे पुष्कळशी टळली आहे. तेथे ‘जमत नाही’ हा प्रश्न सगळ्या गावाने आपल्यावर घेतला. मुले बाहेरच्या शाळांत जाऊ लागल्यावर मात्र त्यांना वेगळी खूणभाषा शिकविली जाऊ लागली आणि गावची भाषा बदलत चालली. शाळेकडे शिकविण्याजोगे पुष्कळ होते. गावाकडून शिकण्याजोगेही पुष्कळ होते.

येथे कायद्याने काय केले ते पाहू. इस्राएलात खास शिक्षणाचा कायदा १९८८ साली झाला. तीन ते एकवीस वर्षांच्या अपंग मुलांना विनामूल्य खास शिक्षण द्यावे, आणि मुलाला कोठे घालावे हे ठरविणाऱ्या समितीने शक्यतो साध्या शाळेला अग्रक्रम द्यावा, असे त्यात म्हटले होते. पण पैसा मात्र मुख्यतः खास शाळांकडेच जाई. म्हणजे दार उघडे ठेवून जिना काढून घेतल्यासारखे झाले. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांच्या ‘यातेद’ ह्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २००२ साली न्यायमूर्ती दालिया दोर्नेर ह्यांनी निकाल दिला की साध्या शाळेत शिकणाऱ्या मुलालाही लागणारी मदत पुरविणे हे सरकारचे कर्तव्य आहे. त्याच वर्षी कायद्यात ‘शिलुव’चे, म्हणजे एकत्र शिक्षणाचे प्रकरण आले. पुढे दोर्नेर ह्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने २००९ साली सुचविले की पैसा मुलाच्या मागे जावा व शाळेची निवड पालकांनी करावी. २०१८ च्या दुरुस्तीने पालकांना तो अधिकार बऱ्याच अंशी मिळाला.

भारतातही वाट अशीच लांबची झाली. कोठारी आयोगाने १९६६ साली अपंग मुलांना साध्या शाळांत घ्यावे असे सुचविले, १९७४ साली केंद्र सरकारची योजना आली, १९९५ साली व पुन्हा २०१६ साली कायदे झाले. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले, तेव्हा सर्वांना सामावून घेणारी शाळा कशी घडवावी हा विषय त्यात प्रत्येक विद्यार्थ्यासाठी आला.

कायदा मुलाला वर्गाच्या दारापर्यंत आणून सोडतो. तेथून पुढे शिक्षक आहे. आणि हा शिक्षक तयार कसा होतो? दोन्ही देशांत अपंग मुलांचा शिक्षक वेगळा आणि इतर मुलांचा वेगळा, अशी परंपरा पडली. भारतात तर दोघांचे शिक्षण दोन निरनिराळ्या परिषदांकडे गेले. येथील अध्यापक महाविद्यालयांत खास शिक्षण ही एक स्वतंत्र शाखा असते. म्हणजे मुलांना वेगळे करण्याची सुरुवात शाळेत होतच नाही. ती शिक्षक घडविण्याच्या जागी आधीच झालेली असते. गणित शिकविणारी मोरा मनात म्हणते, ह्या मुलासाठी निराळी माणसे आहेत, माझा ह्याच्याशी संबंध नाही. आणि त्यात तिचा तरी काय दोष? तिला तसेच शिकविले आहे.

ह्याचा परिणाम आपण सायाअतच्या बाबतीत पाहतो. मुलाच्या मदतीला सायाअत देतात, ही मोठी सोय आहे. परंतु अमेरिकेत मायकेल जियानग्रेको व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली वर्गांत बसून जे निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यात असे दिसले की मदतनीस सतत खेटून बसल्यामुळे वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी सोडून देतो, आणि इतर मुलेही त्याच्यापासून दूर राहतात. हे वाचताना आम्हांस आपल्याकडचे अनेक वर्ग डोळ्यांपुढे आले. मोरा मुलाकडे न पाहता सायाअतला म्हणते, ‘त्याला सांग, वही काढ.’ मूल त्याच खोलीत असते, त्याचे कानही शाबूत असतात. वर्गात बसविणे आणि वर्गातला करणे, ह्यांत एवढे अंतर आहे.

काही महाविद्यालयांत भावी शिक्षकांना तासभर डोळ्यांवर पट्टी बांधून फिरवितात किंवा चाकाच्या खुर्चीत बसवितात. दुसऱ्याचे दुःख कळावे असा त्यामागे हेतू असतो. अमेरिकेतील आरिएल सिल्व्हरमन ह्या मानसशास्त्रज्ञ स्वतः अंध आहेत. त्यांनी व सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळले की थोडा वेळ पट्टी बांधलेली माणसे पुढे अंधांना अधिकच असमर्थ समजू लागतात. विचार केला तर हे उघड आहे. पट्टी बांधलेल्याला फक्त पहिल्या तासाची धडपड कळते. वीस वर्षे अंध असलेल्या माणसाचे कसब त्याला कोठून कळणार? त्याच्या मनात कीव उत्पन्न होते, आणि कीव आलेला शिक्षक मुलाकडून काहीच अपेक्षा करीत नाही. मग सोपी बेरीज, रंगविण्याचा कागद आणि ‘शाबास’ एवढ्यावर त्या मुलाची वर्षे निघून जातात.

येथे वाचकांच्या मनात काही आक्षेप आले असतील. ते खोटे नाहीत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप इतर मुलांच्या पालकांचा. वर्गात तीस-पस्तीस मुले, शिक्षक एक. एका मुलाकडे अधिक लक्ष दिले तर बाकीच्यांवर अन्याय होत नाही काय? आम्ही उलट विचारतो, घरात एका मुलाला ताप आला तर आई दोघांना सारखेच औषध पाजते काय? समान वागविणे म्हणजे सर्वांना एकच माप लावणे नव्हे, हे प्रत्येक आईला शास्त्र न शिकताच ठाऊक असते. पण आईच्या दाखल्याने आक्षेप पुरता मिटत नाही, कारण आईला दोन-चार मुले असतात व मोरेला पस्तीस. म्हणून आम्ही म्हणतो की ज्या शिक्षकाला साधने, वेळ आणि शिक्षण दिलेले नाही, त्याच्या डोक्यावर हे कर्तव्य टाकणे हाही अन्यायच आहे. सरकारने स्वतःचे ओझे शिक्षकावर ढकलायचे आणि त्याला उदात्त नाव द्यायचे, हे आम्हांस मान्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ब्रिटनमध्ये १९७८ साली मेरी वॉरनॉक ह्यांच्या समितीने एकत्र शिक्षणाचा मार्ग मोकळा केला. त्याच वॉरनॉकबाईंनी २००५ साली लिहिले की कित्येक मुले साध्या शाळेत केवळ शरीराने हजर आहेत. ती एकटी पडतात, त्यांची टवाळी होते, आणि लहान खास शाळा त्यांना अधिक मानवतील. बहिऱ्या मुलांच्या बाबतीत तर १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्याने, ज्याने जगभर एकत्र शिक्षणाचा पुरस्कार केला त्यानेच, खूणभाषेच्या कारणास्तव वेगळ्या शाळा किंवा वर्ग अधिक योग्य ठरू शकतील असे मान्य केले. आणि टॉम शेक्सपिअर ह्या समाजशास्त्रज्ञांनी, जे स्वतः अपंग आहेत, २००६ साली ऑलिव्हर ह्यांच्या विचारालाही मर्यादा दाखविली. सगळे जिने काढून उतार केले तरी वेदना, थकवा आणि काही न जमणे उरतेच; ते समाजाच्या माथी मारता येत नाही.

हे सर्व आम्हांस पटते. म्हणूनच प्रत्येक मुलाने प्रत्येक तासाला एकाच खोलीत बसलेच पाहिजे, असा आमचा आग्रह नाही. आग्रह आहे तो क्रमाचा. आधी वर्गाची, धड्याची व शिक्षकाची तपासणी व्हावी आणि मग मुलाची. मूल वेगळ्या शाळेत जाणार असेल तर ते त्याला तेथे अधिक चांगले शिकता येते म्हणून जावे. येथे कोणाला आपली रीत बदलावयाची नव्हती म्हणून जाऊ नये. बाहेरून दोन्ही निर्णय सारखेच दिसतात. त्याच बसमधून मूल त्याच शाळेत जाते. पण पहिल्यात मुलाचे हित पाहिलेले असते आणि दुसऱ्यात आपली सोय. ह्या दोहोंतील फरक ओळखता येणे, हीच आमच्या मते शिक्षकाच्या शिक्षणातील नैतिक बाजू आहे, आणि ती तक्ता पाठ करून येत नाही.

मग ती कशी यावी? आमच्या अल्पमतीप्रमाणे एक गोष्ट सर्वांत आधी करण्याजोगी आहे. अध्यापक महाविद्यालयात अपंग माणसांनी शिकविले पाहिजे. पाहुणे म्हणून वर्षातून एकदा येऊन आपली करुण कहाणी सांगण्यासाठी नव्हे. नेमलेले, पगार घेणारे, परीक्षेचे पेपर तपासणारे शिक्षक म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात अपंग शिक्षकांना नेमावे असे सदस्य देशांना बजावले आहे. भारताने तो २००७ साली व इस्राएलने २०१२ साली मान्य केला. ज्या विद्यार्थ्याने दोन वर्षे अंध प्राध्यापिकेकडून इतिहास शिकला, तो पुढे आपल्या वर्गातील अंध मुलाला रंगविण्याचा कागद देणार नाही. त्याला निराळी शिकवण द्यावीच लागणार नाही.

दुसरी गोष्ट पाठांची. भावी शिक्षकाच्या पाठाची टाचणे तपासताना आम्ही उद्दिष्टे, साधने व प्रश्न पाहत असू. त्यात एक ओळ वाढवावी: ह्या पाठात कोणासाठी दार बंद होते? आमच्या वर्गात एकदा पाठ घेण्यास एक विद्यार्थिनी आली होती. कानाला यंत्र लावणारी एक मुलगी पुढच्या बाकावर बसे. तास संपल्यावर ती पाहुण्या मोरेला सरळ म्हणाली, ‘तू फळ्याशी बोलतेस, माझ्याशी नाही.’ मुलगी ओठ पाहून अर्धे समजून घेत असे, आणि लिहिता लिहिता बोलणाऱ्या मोरेची तिला फक्त पाठ दिसे. दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थिनीने आधी लिहिले, मग वळून सांगितले. त्याला पैसा लागला नाही, समिती लागली नाही. आणि मागच्या बाकावरील, हिब्रू नुकतीच शिकू लागलेल्या दोन मुलांनी त्या दिवशी प्रथमच हात वर केले. एका मुलीसाठी उघडलेल्या दारातून आणखी दोघे आत आले. हे त्या विद्यार्थिनीला कोणत्या पुस्तकाने शिकविले नाही. त्या मुलीने शिकविले.

शेवटी आपल्या समाजाविषयी दोन शब्द. आपल्या पुष्कळ लेकीसुना व नातवंडे आज शिक्षणाच्या क्षेत्रात आहेत; कोणी गनमध्ये, कोणी शाळेत, कोणी सायाअत म्हणून. त्यांच्याशी ह्या विषयावर बोलावे. पण त्याहीपूर्वी आपल्या घरांकडे पाहावे. भावाबहिणीची लग्ने अडतील ह्या भीतीने अपंग मूल पाहुण्यांपुढे न आणण्याची सवय आपल्यांतून पुरती गेली आहे काय? समाजाच्या सभागृहाला पायऱ्या किती आहेत, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना त्या चढता येतात काय? मलिद्याच्या कार्यक्रमाला ते मूल आले तर आपण त्याच्या आईला विचारतो, ‘ह्याला काय आवडते?’ ते मूल समोर बसलेले असते. त्यालाच विचारावे. उत्तर यावयास वेळ लागला तर थांबावे.

येथे आलो तेव्हा आपल्याविषयीही काहीजण आपल्याला न विचारताच ठरवीत होते. ते आपल्याला किती लागले होते, हे ज्यांना आठवते त्यांनी तरी ही रीत दुसऱ्या कोणावर चालवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.